बारावा ड्रम

कारखान्यात तिला पत्रकबाई म्हणतात. ती येण्यापूर्वी तिथे पत्रकं नव्हती, आणि पत्रकं सुरू झाली नसती तर तिलाही कुणी बोलावलं नसतं. कारखाना लहान आहे. सत्त्याऐंशी माणसं, एक लांब शेड, शेडमध्ये ओळीने नऊ टाक्या. गाडीत लागणारे लोखंडाचे बारीकसारीक तुकडे इथे येतात, ब्रेकची नळी धरून ठेवणारी पकड, सीटखालचा बोल्ट, दाराच्या कुलपातली पट्टी, आणि अंगावर जस्ताचा मुलामा घेऊन परत जातात. गाडी विकत घेणारा माणूस यातला एकही तुकडा आयुष्यात बघत नाही.

ऑफिस आणि शेड यांच्यामध्ये एक काच आहे. काचेच्या खालच्या कडेला पिवळसर पट्टा चढतो; तो सोमवारी पुसतात आणि शनिवारपर्यंत पुन्हा येतो. खिडकीची कडी दोनदा बदलली. दोन्ही वेळा ती उंदराने कुरतडल्यासारखी बारीक होत होत एक दिवस हातात आली. कुणीतरी हौसेने टेबलावर एक कुंडी आणून ठेवली होती. पाचव्या आठवड्यात तिच्यात फक्त माती उरली. आता त्या कुंडीत पेनं असतात.

काचेच्या पलीकडे, सहाव्या टाकीपाशी, तिचा सख्खा भाऊ उभा असतो. तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. कारखान्यात त्याला शिट्टी म्हणतात, कारण श्वास घेताना त्याच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते. जेवताना वाजते, जिना चढताना वाजते, रागावला की जोरात वाजते. त्याच्या हाताखालची माणसं म्हणतात, आमचा मुकादम बरा, येण्याआधी भोंगा वाजवतो. तो हसतो. पंचेचाळीस वर्षांतली सव्वीस त्याने टाक्यांच्या काठावर काढली आहेत आणि हातावर रसायन उडालं तर तो ते पँटला पुसतो.

आई-वडील लवकर गेले. बहिणीला त्यानेच वाढवलं, शिकवलं. ती दहा वर्षांची असताना तो एका नाकपुडीत दोरा घालून दुसरीतून बाहेर काढून दाखवायचा, आणि ती खिदळत शेजारच्या पोरींना बोलावून आणायची. त्या घरात हसण्यासारखं फार काही नव्हतं. जे थोडं होतं त्यात हा दोरा होता.

कारखान्यातली नोकरीही त्यानेच मिळवून दिली, आठ वर्षांपूर्वी. मालकांना इंग्रजी कागद वाचणारं माणूस हवं होतं. दादा म्हणाला, माझी बहीण आहे, नियम म्हणजे नियम अशी आहे, घरात मीठ सांडलं तरी नोंद करते. मालक म्हणाले, पाठव.

नियम नीट समजायला मात्र तिला दोन वर्षं लागली. पूर्वी गाडी बनवणारी कंपनी तुकड्याबद्दल दोनच गोष्टी विचारायची: टिकेल का, आणि कधी मिळेल. पुढे विचारू लागली, यात काय काय आहे. शिसं, पारा, कॅडमियम आणि क्रोमियमचं एक विषारी रूप, ही चार नावं गाडीत नकोत, कारण गाडी मोडीत निघाली की ती माती-पाण्यात उतरतात. त्यानंतर विचारू लागली, बनवताना वीज किती जळली, सांडपाणी कुठे गेलं, काम करणाऱ्याची काळजी कोण घेतं. कायद्याने जबाबदार धरली जाते सगळ्यात वरची कंपनी. म्हणून ती आपल्या खालच्याला विचारते, तो त्याच्या खालच्याला, आणि प्रश्न घरंगळत या शेडपर्यंत येतो. इथून खाली विचारायला कुणी नाही. उत्तर मात्र उलटं चढत जातं. पत्रकबाईने एका चौकटीत लिहिलेलं शून्य सहा-सात कागदांवरून वर सरकत शेवटी कंपनीच्या वार्षिक अहवालात, हिरव्या पानावर जाऊन बसतं. मधल्या कुणीही टाकीत डोकावलेलं नसतं. प्रत्येकाने फक्त खालचा कागद पाहिलेला असतो.

एकदा तो अहवाल तिच्या हाती आला. गुळगुळीत पानं, पानावर झाडं, झाडांखाली आकडे. तिने घरी नेऊन दादाला दाखवला. यातलं हे शून्य माझं, ती म्हणाली. त्याने पान उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, म्हणजे एवढ्या मोठ्या इमारतीचा पाया तू. वहिनी हसली. त्या दिवशी तिघांनाही ते कौतुकाचं वाटलं.

त्या चार नावांपैकी या कारखान्याचा संबंध एकाशीच होता. जस्ताचा मुलामा दिल्यावर तुकडा आणखी एका द्रावणात बुडवतात, म्हणजे तो लवकर गंजत नाही. पूर्वी हे द्रावण क्रोमियमच्या त्या विषारी रूपाचं असायचं. रंग पिवळा, म्हणून कारखान्यात त्याला नुसतं पिवळं म्हणत. त्याच्या जागी आलेलं नवं द्रावण निळसर आणि बरंच निरुपद्रवी, ते निळं. पत्रकबाई कामावर लागली त्याच्या तिसऱ्या महिन्यात पिवळं बंद झालं. सहावी टाकी उपसली, बारा ड्रम भरले आणि टाकाऊ रसायन नेणाऱ्या गाडीला निरोप गेला.

गाडी दुपारी आली. यादीत ड्रम बारा होते. गाडीवाल्याच्या चलनावर बाराचा आकडा आधीच टाकलेला होता. शेडच्या मागे वास फार होता, म्हणून ती खिडकीतूनच मोजत राहिली. सातवा ड्रम चढत असताना फोन वाजला. ती परत आली तेव्हा गाडीचा मागचा फाळका लागला होता. चलनावर बारा, यादीत बारा. तिने बाराच्या पुढे सही केली. त्या वेळी मनात काही आलं होतं का, हे तिने पुढे बऱ्याचदा आठवून पाहिलं. काहीच आलं नव्हतं.

निळं सुरू झालं आणि कारखाना बुडायला लागला. शेडच्या कोपऱ्यात मिठाची पेटी आहे, फ्रीजएवढा डबा; त्यात खारं धुकं सोडून तुकडा किती तासांत गंजतो ते बघतात. अट एकशेवीस तासांची. निळ्यातले तुकडे सत्तर तासांत पांढरे पडत आणि नव्वदाव्या तासाला लाल. नऊ आठवडे माल परत आला. मालकांनी द्रावण विकणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला, त्याने तापमान बदललं, वेळ बदलला, मान हलवली आणि गेला. दहाव्या आठवड्याच्या सोमवारी भरलेला माल एकशेवीस तास टिकला. पुढचाही. त्याच्या पुढचाही.

काय बदललं, हे कुणी विचारलं नाही. जे चालतंय त्याला हात लावू नये, असा सगळ्या कारखान्यांचा अलिखित कायदा असतो. लोक म्हणाले, शिट्टीच्या हाताला गुण आहे. त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन मुलामा कारखान्यांना निळं शेवटपर्यंत जमलं नाही. ते बंद पडले आणि त्यांचं काम इथे आलं. एक पाळी होती तिथे दोन झाल्या. वर्षअखेरीच्या पत्रकात ‘सुधारणेचं कारण’ असा रकाना होता. पत्रकबाईने त्यात लिहिलं: कुशल कामगार.

अशी आठ वर्षं गेली. ती दर तीन महिन्यांनी चौकटीत शून्य लिहायची, आणि ते खरं आहे अशी तिची खात्री होती. पिवळं विकत घेतल्याचं एकही बिल नव्हतं, जुनं सगळं गेल्याचं चलन होतं. प्रत्येक खेपेतला एक तुकडा पाकिटात घालून, तारीख लिहून ती कपाटात ठेवायची. असे राखीव नमुने ठेवा, असं नियमात होतं. ते कधी उघडून बघा, असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

या वर्षी पत्रक बदललं. कारखान्याचा शिक्का आता पुरणार नव्हता. खाली जबाबदार व्यक्तीचं नाव, हुद्दा आणि सही हवी होती. खोटं निघालं तर त्या व्यक्तीवरही कारवाई होऊ शकेल, असं बारीक अक्षरात होतं. शिवाय गाडी कंपनी आपला माणूस पाठवून तुकडे तपासणार होती. गुरुवार ठरला. मालकांनी पत्र तिच्याकडे दिलं आणि म्हणाले, तुमचंच नाव टाका, तुमच्याइतकं यातलं इथे कुणाला कळतंय.

तिला भीती वाटली नाही. तरी, दुसऱ्याने तपासण्याआधी आपण तपासावं म्हणून तिने रसायन विकणाऱ्याकडून चाचणीची डबी मागवली. पद्धत सोपी होती. तुकडा शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालतात त्या पाण्यात, दहा मिनिटं उकळायचा. पाणी थंड झालं की डबीतल्या दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे. पाणी होतं तसं राहिलं तर पिवळं नाही. जांभळं झालं तर आहे.

शुक्रवारी दुपारी तिने त्याच आठवड्यातली पकड उकळली. थेंब टाकले. पाणी आधी गुलाबी झालं आणि मग जांभळं.

भांडं खराब असेल म्हणून तिने भांडं बदललं. पुन्हा जांभळं. तिने कपाट उघडलं आणि मागच्या महिन्याचं पाकीट काढलं, मग मागच्या वर्षीचं, मग त्याच्या मागच्या वर्षीचं. शनिवारी ती एकटीच ऑफिसात बसून मागे मागे जात राहिली. कपबशांच्या ट्रेवर काचेचे पेले ओळीने मांडलेले, सगळ्यांत जांभळं पाणी, काही फिकट, काही गडद. आठ वर्षांतली जेवढी पाकिटं उघडली त्यात फक्त नऊ आठवड्यांची स्वच्छ निघाली. निळं सुरू झाल्यानंतरचे, मिठाच्या पेटीत नापास झालेले नऊ आठवडे. कारखाना बुडत होता तेवढाच काळ तिचं शून्य खरं होतं.

दहाव्या आठवड्याचा सोमवार. त्याच दिवसापासून पाणी रंगत होतं.

सोमवारी ती साडेसातच्या आधी पोहोचली, पहिली पाळी आठला लागते. शेडच्या मागे जुन्या पत्र्यांआड एक ड्रम होता. उन्हाने प्लास्टिकचा रंग उडालेला, झाकणावर वीट. बाराव्या ड्रमापाशी दादा वाकलेला होता. त्याच्या हातात चहाचा स्टीलचा मग होता आणि मगात पिवळं.

तो दचकला नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

“हे काय करतोयस दादा?”

“विरजण लावतोय,” तो म्हणाला. “निळं म्हणजे नुसतं दूध आहे बघ. चांगलं असेल, पण विरजणाशिवाय लागतंय का? जुन्यातलं घोटभर घातलं की धरतं. आठवड्याला एक मग. उगाच नाही माल टिकत.”

ती म्हणाली, हे बंद आहे. तो म्हणाला, टाकी बंद आहे, मी कुठे टाकी भरतोय. गाडीवाला ड्रम चढवत होता तेव्हा एक मीच बाजूला सारला, एवढं कमावलेलं पाणी सगळं कोण फेकतं. मालकांना माहीत आहे का, असं तिने विचारलं. मालकांनी कधी विचारलं नाही, तो म्हणाला. तूही नाही विचारलंस.

मग तिने त्याला पत्रकाचं सांगितलं, पेल्यांचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. तो ऐकत होता. शिट्टी बारीक वाजत होती.

“मग आठ वर्षं तू काय लिहीत होतीस?” त्याने विचारलं.

“शून्य.”

त्याने मगातलं पिवळं परत ड्रममध्ये ओतलं आणि रिकामा मग विटेवर उपडा ठेवला.

शेडच्या भिंतीवर एक तक्ता आहे. पिवळ्याशी काम करणाऱ्याला काय काय होऊ शकतं याची अकरा कलमं. तो तिनेच नोकरीच्या पहिल्या महिन्यात प्लास्टिकमध्ये मढवून लावला होता. तिने त्याला तिथे नेऊन, तू हा कधी वाचलास का, असं विचारलं. तो म्हणाला, ते आपल्यासाठी थोडंच असतं, ते तपासायला येणाऱ्यांसाठी असतं. तिने तिसरं कलम वाचून दाखवलं: नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडणे.

“तो दोरा,” ती म्हणाली.

“सगळ्यांचंच होतं तेव्हा,” तो म्हणाला. “आम्ही पैजा लावायचो, कुणाचा जाड दोरा जातो.”

थोड्या वेळाने, जणू तिची काळजी हलकी करायला, तो म्हणाला की तसंही विरजण संपतच आलंय, चार बोटं उरलंय, पुढे काय करायचं याचा मलाच घोर लागला होता. हिशेब तिने त्याच्यादेखत केला, सवयीने. त्याचा मग पाव लिटरचाही नाही. आठवड्याला एक, आठ वर्षं, म्हणजे फार तर शंभर लिटर. ड्रम दोनशेचा.

“बाकीचं कुठे गेलं?”

“उडून गेलं असेल. झाकण सैल आहे.”

“पाणी उडतं दादा. पिवळं नाही उडत.”

आठ वाजत होते, लोक यायला लागले होते. फाटकाजवळच्या नळावर नेहमीसारखी रांग लागली. हा नळ कारखान्याच्या बोअरचा आहे आणि त्याचं पाणी गोड म्हणून आसपास नाव आहे. लोक जाताना बाटल्या भरून नेतात. दादा रोज दोन कॅन नेतो. घरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, अशी वहिनीची तक्रार असते.

मंगळवारी ती मालकांसमोर बसली. मालक वाईट माणूस नाही. आजारपणात पगार कापत नाही, स्वतः शेडमध्ये फिरतो, शिट्टीला नावाने नाही तर उस्ताद म्हणून हाक मारतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले की पिवळं या घडीपासून बंद. टाकी उपसू, निळं नवं भरू, दुसऱ्या कंपनीचं महागातलं बघू. पण मागचं उकरून कुणाचं भलं होणार? त्या नऊ आठवड्यांचे तुकडे कपाटात आहेत ना? गुरुवारी तेच द्यायचे. तारखेची पाकिटं बदलायला कितीसा वेळ लागतो.

ती म्हणाली, सही माझी आहे.

“बाई, सहीचं तुम्हाला भय वाटतंय ते मला समजतं,” मालक म्हणाले. “पण ‘आहे’ असं लिहिलंत, तर पुढचा प्रश्न ‘कुणी घातलं’ हाच येणार. उस्तादाशिवाय दुसरं नाव आहे तुमच्याकडे?”

सत्त्याऐंशी घरांचं मालक पुढे बोलले ते तिने ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनी रुमाल धूत होती. दादाचे रुमाल वेगळे धुतात, त्यांवर तपकिरी डाग असतात आणि ते निघत नाहीत. वहिनीला अजून काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, “वन्सं, तुमचे दादा आज जेवताना एक शब्द बोलले नाहीत. कारखान्यात कुणी काही बोललं का त्यांना?” पत्रकबाई म्हणाली, कामाचा ताण आहे, गुरुवारनंतर जाईल. असं सरळ खोटं ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि ते तिला जमलं.

तिने ठरवलं होतं. मालक म्हणतात तसंच करायचं.

बुधवारी दुपारी तिने नऊ आठवड्यांची पाकिटं बाहेर काढली आणि बारा तुकडे निवडले. नव्या पाकिटांवर नव्या तारखा लिहिल्या. अक्षर नेहमीसारखं नीट आलं. कुठल्याही कामात कच्चं ठेवायचं नाही ही तिची सवय, म्हणून देण्याआधी एक तुकडा पुन्हा तपासायचा असं तिने ठरवलं. बॅटरीचं पाणी संपलं होतं. शनिवारी तिने शेवटची बाटली वापरली होती. एका चाचणीपुरतं काय होतंय, असं म्हणून तिने टेबलावरच्या तांब्यातलं पाणी घेतलं.

तुकडा उकळला. थेंब टाकले.

पाणी जांभळं झालं. फार गडद नाही. बाटल्यांच्या डबीवर रंगांची पट्टी असते, त्यातल्या दुसऱ्या खुणेइतकं.

शनिवारी हाच तुकडा स्वच्छ होता. तिने दुसरा घेतला. जांभळं. ती पेल्याकडे बघत बसली. मग तिने तुकडा न टाकता नुसतं तांब्यातलं पाणी एका स्वच्छ पेल्यात ओतलं आणि थेंब टाकले.

तेच जांभळं.

ती शेडच्या मागे गेली. ड्रम तिने एकटीनेच कलता केला. चार बोटं द्रावणाचं वजन ते किती. तळाच्या वर, चार बोटांवर, उन्हाने तडकलेली एक आडवी भेग होती, हात घालता येईल एवढी लांब. भेगेच्या वरचं सगळं कधीच निघून गेलं होतं. खालची माती वरून कोरडी होती. बोटाने उकरल्यावर खाली पिवळी होती. तिथून बोअरचा पंप तिने पावलांनी मोजला. चौदा पावलं.

तिने नळाचा मुख्य कॉक बंद केला आणि तोटीला फडकं बांधलं. पाळी बदलत होती. बाटल्या घेऊन आलेल्यांपैकी एक जण म्हणाला, काय पत्रकबाई, आता पाण्याचंही पत्रक भरायचं का? दोघं-तिघं हसले. ती म्हणाली, आज हे पिऊ नका, घरी नेलेलंही पिऊ नका. कसं सांगितलं कुणास ठाऊक, पण हसणारे थांबले. एकाने हातातली बाटली तिथेच ठेवली आणि तिच्यातलं किती पिऊन झालंय ते बघत राहिला.

दादा दोन कॅन घेऊन उभा होता. तिने त्याला बाजूला घेऊन पेला दाखवला. त्याने एकच विचारलं: कधीपासून?

भेग कधी पडली हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

“तुझी वहिनी याच पाण्याचा चहा करते,” तो म्हणाला. आणि मग, कॅनची झाकणं पुन्हा घट्ट लावत, “माझं नाव लिही.”

गुरुवारी तपासणीला बाई आल्या. पन्नाशीच्या, साध्या, हातात पातळ फाईल. त्यांनी शेड पाहिली, तक्त्यासमोर उभं राहून तो वाचला, चांगला मढवलाय म्हणाल्या आणि ऑफिसात येऊन बसल्या. मालक शेजारी बसले. टेबलावर नव्या तारखांची बारा पाकिटं होती. पत्रकबाईने रात्रीतून ती हलवली नव्हती, आणि मालकांच्या चेहऱ्यावर त्यामुळे थोडी सुटका दिसत होती.

शिपायाने सवयीने ट्रे आणून ठेवला. नळ बंद होता, पण आदल्या दिवशीचा एक माठ भरलेला होता आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीच्या बाईंनी पेला उचलला.

“ते पिऊ नका,” पत्रकबाई म्हणाली.

तिने पेला त्यांच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि खणातून डबी काढली. दोन बाटल्या. थेंब. तिघंही त्या पेल्याकडे बघत राहिले. पाणी जांभळं झालं. हातातलं टोपण मालकांनी टेबलावर ठेवलं.

मग तिने ती बारा पाकिटं खणात सारली, कपाट उघडलं आणि खऱ्या तारखांची, आठ वर्षांची पाकिटं खोक्यांसकट टेबलावर मांडली. तपासणीच्या बाईंनी पत्रक पुढे केलं. त्यात तुकड्याच्या वजनापासून विजेच्या वापरापर्यंत चौतीस चौकटी होत्या. पिण्याच्या पाण्याची एकही नव्हती. त्या म्हणाल्या, मागच्या कोऱ्या बाजूला लिहा.

पत्रकबाईने पुढच्या बाजूला, शून्याच्या चौकटीत, ‘आहे’ असं लिहिलं. मागच्या बाजूला द्रावण कुणी मिसळलं तिथे भावाचं नाव लिहिलं. त्याच्या खाली, ड्रम न मोजता बारावर सही कुणी केली तिथे आपलं लिहिलं. तिसरी ओळ तिने मोकळी ठेवली आणि कागद मालकांकडे सरकवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

तपासणीच्या बाईंनी विचारलं, कुंपणाच्या पलीकडे वस्ती आहे, त्यांचे बोअर किती खोल आहेत?

तपासणीसाठी शेड सकाळपासून थांबवलेली होती. पंखे, पंप, टाक्यांवरचे हवेचे झोत, सगळं बंद. आठ वर्षांत पहिल्यांदाच काचेपलीकडून काही आवाज येत नव्हता. त्या शांततेत एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, थांबायची, पुन्हा वाजायची. बाईंनी मान वर करून विचारलं, हे काय वाजतंय?

पत्रकबाईने काचेकडे बघितलं. खालच्या कडेचा पिवळा पट्टा या सोमवारी पुसायचा राहून गेला होता.

“माझा भाऊ आहे,” ती म्हणाली.